चपट्या नाकाची गोळी

अल्फारेटा
दसरा, १२ ऑक्टोबर २०२४

प्रिय सलोनी,

सोनं घे आणि सोन्यासारखी राहा! इथे आपटा कुठला मिळणार, म्हणून आईनं अंगणातल्या रेडबडच्या झाडाची दोन पानं सोबत घातलीत. गोड मानून घे.

आम्ही दोघं मजेत आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, आई त्याहून जास्त कुरकुरते. तुला वाटेल, बाबांनी फोन सोडून पत्र का लिहिलं? अगं, फोनवर मी तोंड उघडलं की तू "बाबा, मीटिंग आहे" म्हणतेस. आणि मला तुझ्याकडून एक होकार हवाय, येत्या शनिवारच्या आत. कशासाठी ते सांगतोच, पण आधी माझा पराक्रम ऐक.

मी काडतुसं भरायला शिकलो! स्वतःच्या हातांनी! काल खंडेनवमीला आईनं मिक्सरला, शिलाई मशीनला, गाडीला हळदकुंकू लावलं, तेव्हा मी माझा काडतुसं भरायचा प्रेस हळूच त्या रांगेत नेऊन ठेवला. "हे काय आणलंत?" म्हणाली. म्हटलं, हत्यारांची पूजा आहे ना, मग हे तर खरं हत्याराचं! झेंडूचं फूल वाहिलं बिचारीनं, पण "पावडर घरात आणलीत तर तुम्ही गराजमध्ये झोपाल" हेही बजावलं. म्हणून पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, असते माझ्या गुरूंकडे, डोंगरात.

रायफल तीच, थर्टी-थर्टी. इथल्या लोकांचे पणजोबासुद्धा याच काडतुसानं हरणं मारायचे. वापरलेलं पितळी काडतूस फेकायचं नाही. घासूनपुसून प्रेसमध्ये दाबून परत मापात आणायचं, बुडाला ठिणगी देणारा नवा प्रायमर बसवायचा, पावडर काट्यावर तोलून घालायची आणि वर गोळी दाबायची. ऐकायला सोपं वाटतं ना? पुरणपोळीचंही तसंच असतं. कृती सगळ्यांना पाठ, जमते एखादीलाच.

गुरू आयुष्यभर फार्मासिस्ट होते. त्यांच्या काट्यावर पावडरचा एक कण जास्त पडला तरी ते चिमट्यानं उचलतात. आणि आमची भांडणं! ते म्हणतात एकशे सत्तर ग्रेनची जड गोळी घ्या, दाट झाडीत हरीण जवळच दिसतं, गोळी खोल गेली पाहिजे, जनावर तडफडता कामा नये. मी म्हणतो दीडशेची हलकी बरी, माझ्या खांद्याला दणका कमी. भाजीत गूळ घालावा की नाही यावरून आपल्याकडे नागपूर-पुणे जुंपते ना, अगदी तस्सं. शेवटी दोन्ही भरून पाहिल्या. या रायफलला हलकी रुचत नाही, गोळ्या इकडेतिकडे जातात. एकशे सत्तरच्या तीन झाडल्या शंभर यार्डांवरून, आणि तिन्ही भोकं आईच्या एका पुरीखाली झाकली जातील! मी चक्क नाचलो गं. गुडघ्यासकट.

पण त्याआधी एक मूर्खपणा केला, तोही सांगतो. मी पडलो इंजिनिअर. स्प्रेडशीट केली. वारा कोणती गोळी छान कापते? टोकदार! आकडेच बोलत होते. गुरू आत कॉफी करत होते तोवर मी वीसेक टोकदार गोळ्या बसवूनही टाकल्या. ते बाहेर आले, पाहिलं आणि ओरडले, "नो सर! नॉट इन धिस रायफल!" एवढ्या शांत माणसाचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. या रायफलमध्ये काडतुसं बॅरलखालच्या एका नळीत एकामागे एक आडवी बसतात. मागच्या गोळीचं नाक पुढच्याच्या प्रायमरला टेकतं. नाक टोकदार असलं आणि बार उडताना दणका बसला, की नळीतच स्फोट, आणि माझा डावा हात त्याच नळीखाली! म्हणून हिला चपट्या नाकाचीच गोळी लागते. स्प्रेडशीटमध्ये नळीचा रकानाच नव्हता.

मग ती सगळी काडतुसं एकेक करून उघडत बसलो दोघं. ते काम सावकाशीचं, त्यात माणसं बोलतात.

सलोनी, तू आतापर्यंत ओळखलंच असशील. तू काही दूधखुळी नाहीस. गुरू म्हणजे डेल. टायलरचे वडील.

रागावलीस ना? पण पूर्ण वाच. मार्चमध्ये तुझे घटस्फोटाचे कागद झाले आणि तू म्हणालीस, "हचिन्स हे नाव या घरात नको." मला पटलं. टायलरनं जे केलं त्यानंतर त्याचं तोंड पाहायची माझीही इच्छा नाही. लग्नात डेलनी मला त्यांच्या वडिलांची रायफल आहेर म्हणून दिली होती, ती परत करायला मी डोंगरात, एलिजेला त्यांच्या घरी गेलो. दोन खडे बोल सुनवायचे, रायफल टेबलावर ठेवायची आणि निघायचं, असं ठरवून.

डेलनी दार उघडलं, रायफल पाहिली आणि म्हणाले, "ही मी तुम्हाला दिलीय. लग्नाला नाही." मग म्हणाले, "मला सलोनीची माफी मागायचीय, पण कुठल्या तोंडानं फोन करू?" आणि रडले गं. टायलर डेन्व्हरला, त्यांना फोनही करत नाही. खडे बोल राहिले बाजूला. मी कॉफी प्यायलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो.

आईला सगळं ठाऊक आहे. तीच डबा भरून देते. सावजी रश्श्यानं डेलचं नाक लाल झालं, तरी वाटी चाटून पुसून ठेवली. काडतुसांच्या दुकानात ते माझी ओळख "माय व्याही" अशी करून देतात, अजूनही.

शनिवारी हरणांच्या शिकारीचा सीझन उघडतोय. सेफ्टी कोर्स झाला, लायसन काढलंय, काडतुसं तयार आहेत. डेलनी त्यांच्या रानात बोलावलंय, फक्त आम्ही दोघं. शाळकरी पोरासारखा उतावीळ झालोय मी. पण तुला अंधारात ठेवून जाणार नाही. सहा महिने ठेवलं तेवढं पुरे झालं.

तू "नको" म्हणालीस तर मी जाणार नाही, रायफल देऊन येईन आणि तुझ्यासमोर तोंडही पाडणार नाही. पण विचारतेसच तर सांगतो, मला जायचंय. फार जायचंय. रिटायर झाल्यावर या देशात मला एक मित्र मिळाला, आणि तो नेमका तिथे मिळाला. तू तुझं नातं तोडलंस, बरोबर केलंस, पुन्हा हजारदा बरोबर म्हणेन. माझं मात्र तुटता तुटत नाहीये, त्याला मी काय करू?

फोन कर. मीटिंग असली तरी कर.

रानात गेलो तरी आणि घरी बसलो तरी, तुझ्याच बाजूचा,
बाबा