जिभेची डावी कड

१२ फेब्रु.
नाकातली नळी आज निघाली. जळगावचे डॉक्टर म्हणाले, "बोला आता." काय बोलू? न भरणाऱ्या फोडापायी जिभेची डावी कड गेली, तिथे हाताची कातडी शिवलीय. ह्यांना म्हटलं, "पाणी." निघालं "पाई". हे बिचारे पाय चेपायला बसले. हसू आलं, टाके ताणले.

१ मार्च
धुळ्याला घरी. जीभ दिवसभर किती राबते ते आता कळतंय. बोलणं सोडाच. घास दाढेखाली सरकवणं, गालातलं शीत काढणं, सगळं आता बोटाने. वाटीभर मऊ खिचडीला पाऊण तास. पण संपवली.

९ मार्च
बोलायला शिकवणाऱ्या मॅडम म्हणजे लेकीच्या वयाची पोर. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना मध लावते. "जिभेने पुसा, मावशी." उजवा पुसला. डावा तसाच. मग आरशापुढे ट, ड, ल, र. अर्धेमुर्धे. ळ तर नाहीच. आणि मी धुळे बसस्टँडवर माइकवरून गाड्या सांगणारी, अकरा वर्षं! धुळे, जळगाव, भुसावळ. जिथे तिथे मेला ळ.

१६ मार्च
माझी नणंद अक्का गावाहून आल्या. मी ळसाठी रडत होते. त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "धुये म्हन ना. आमनी सारी जिंदगी ळ बिगर गयी. काही अडनं का?"
खरंच की!

४ एप्रिल
रुजू झाले. साहेबांनी नोंदवहीवर बसवलं. "माइकवरचं लोकांना कळायला हवं, बाई." त्यांचं चूक नाही. तरी घरी येऊन भांडी आपटली. ह्यांनी ती उचलून मांडली. मग म्हणाले, "मला कळतं की सगळं." तुम्हाला कळून गाड्या सुटतात होय?

२२ एप्रिल
डाव्या कोपऱ्यातला मध पुसला!! तीनदा. मॅडमने टाळ्या वाजवल्या.

६ मे
वांग्याचं झणझणीत भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. डोळ्यांतून, नाकातून पाणी. ह्यांनी ताट ओढायला हात घातला, त्यांचा हात बाजूला सारला. दोनदा वाढून घेतलं.

१९ मे
लग्नसराई. स्टँडवर पाय ठेवायला जागा नाही. माइकवरचे पाटीलभाऊ तापाने घरी. शिरपूर गाडी ऐन वेळी चारऐवजी नऊवर लावली, आणि अख्खं वऱ्हाड चारवर उभं. साहेब फोनवर. मीच उठून माइक ओढला. "शिरपूरला जाणारी गाडी... फलाट क्रमांक नऊवर... लागलेली आहे." एकेक अक्षर चावून. काचेतून बघते तो बॅगा, लेकरं, टोपी सांभाळणारे आबा, सगळे वळले. नऊकडे! बठ्ठेच्या बठ्ठे!
मग भुसावळ. "भुसावय" आलं. कोणी थबकलं नाही. गाडी भरून गेली.
साहेब दारात. "उद्या सकाळची पाळी माइकवर घ्या. बघू."
म्हटलं, "बघू काय साहेब, ऐका!"

२ जून
तपासणी परवा. दर तीन महिन्यांनी. धाकधूक आहेच.
आज चौकशीच्या खिडकीशी साक्रीकडचं जोडपं. नवऱ्याने तोंडाला रुमाल धरलेला, बायकोच बोलली. "तुमच्याबद्दल ऐकलं, ताई. ह्यांच्या जिभेचं सोमवारी ऑपरेशन आहे. हे नको म्हणतात. मुकं होऊन काय जगायचं म्हणतात." तो माझ्या तोंडाकडेच बघत होता. समजूत काय घालणार? आत बाकावर बसवलं. "ऐका," म्हटलं, आणि माइक घेतला. नाशिक सांगितली. चोपडा सांगितली. नंदुरबार सांगितली. चोपड्याला जरा अडखळले, पुन्हा म्हटलं.
वळून पाहिलं तर रुमाल मांडीवर. सोमवारी जाईल की नाही, काय माहीत. बायकोने विचारलं, "निघायचं?"
तो माझ्याकडे बघून म्हणाला, "अजून एक सांगा."