दुपारचा बैल

उत्रोली, ता. भोर
१७ नोव्हेंबर १९७४

प्रिय गेनू,

सप्रेम नमस्कार. पुण्यात दिवाळीला एकटाच राहिलास, निदान गोडधोड तरी खाल्लंस ना? इकडे भात झोडून झालं, पेंढा रचून झाला आणि माझ्या तळहातांना फोड आले. नानांनी ते पाहून तुझी आठवण काढली. तुझ्या हाताला म्हणे कधी फोड आले नाहीत. आईने तुझ्यासाठी चकल्यांचा वेगळा डबा भरलाय. तो माझ्या डब्यापेक्षा मोठा आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, म्हणून सांगतो.

एसटीतून उतरलो तर नानांचा पहिला प्रश्न, "गेनू न्हाई आला व्हय?" मी कसा आहे हे आईने विचारलं, तेही हातातली पिशवी काढून घेतल्यावर. पासलीहून भोरच्या शाळेसाठी तू आमच्याकडे राहायला आलास, चार वर्षं राहिलास आणि पुढे पुण्याला गेलास, पण या घरातून काही तू गेला नाहीस.

मग मी माझी बातमी ऐटीत सांगितली. नव्या कॉम्प्युटर मशीनच्या शिक्षणासाठी आपल्या ऑफिसातून एकाला वर्षभर विलायतेला पाठवणार, आणि साहेब माझं नाव धाडणार आहेत.

"आन् गेनूचं?" नाना म्हणाले.

मी सांगितलं, जागा एकच आहे. पावसाच्या नोंदी क्रमाने लावायचा प्रोग्रॅम दोघांनी लिहिला. ज्याचा प्रोग्रॅम लवकर काम उरकेल त्याने जायचं असं ठरलं होतं. माझा जिंकला.

"मोजलं कुनी?"

"मीच. पण गेनूच्या घड्याळानं."

आता हे घड्याळ म्हणजे काय, ते नानांना समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. म्हटलं, मशीनला हुकूम द्यायची भोकं पाडलेली कार्डं असतात, तशा चाळीस कार्डांचा गेनूने एक गठ्ठा बनवलाय. कोणाचाही प्रोग्रॅम त्या कार्डांच्या मध्ये ठेवून मशीनला द्यायचा. ते काम मशीन एकदा नाही, शंभरदा करतं. मग कागदावर छापून येतं, सगळ्यात कमी वेळ किती लागला, मधला किती, सगळ्यात जास्त किती. आणि वरच्या ओळीत, मोजायला सुरुवात किती वाजता केली ते.

नाना खूश झाले. "मंजी आपुन फेऱ्या मोजून बैल बघतो तसंच की रं! पोरानं ध्यानात ठिवलं म्हनायचं."

गेनू, ते वाक्य मला लागलं. बैल पारखायला नाना आपल्या दोघांनाही न्यायचे. मी बांधावर बसून बोरं खायचो. तू त्यांच्यामागे औताबरोबर चालायचास. माझ्या बापाची रीत तू मशीनमध्ये नेलीस, आणि ऑफिसातले सगळे ती चाळीस कार्डं मागून नेतात. मी तर त्याच घरात जन्मलो होतो. मला का नाही सुचलं?

काल आम्ही चिमाजीचा बैल बघायला गेलो. चिमाजी म्हणजे आमच्या पलीकडच्या शिवारातला. त्याने सकाळी सातलाच औत जुंपून ठेवलं होतं. बैल असा चालला की मी म्हटलं, घेऊन टाकू.

नानांनी बैलाच्या पाठीवर हात फिरवला आणि चिमाजीला म्हणाले, "सकाळी समदेच बैल पळत्यात. दुपारी येतो परत."

दुपारी तोच बैल सहाव्या फेरीला खाली बसला. चिमाजीने शेपूट पिरगाळलं, तरी उठेना. नाना हसले, पण मला हसू आलं नाही. मी घरी येऊन पडवीत बसलो, आणि आज हे लिहितोय.

तुला कळलंच असेल. तुला बहुतेक तेव्हाच कळलं होतं.

माझा प्रोग्रॅम मी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी चालवला. मशीनवर तेव्हा दुसऱ्या कोणाचं काम नव्हतं. तुझा चालवला दुपारी अडीचला, चौघांची कामं एकदम चालू असताना. जे मशीन मला अख्खं मिळालं, त्याचा तुकडा तुला मिळाला. आकडा एकही खोटा नाही. फक्त दोन्ही कागदांच्या वरची ओळ मी कात्रीने कापली, आणि मग ते साहेबांच्या टेबलावर ठेवले.

तू ते कागद हातात घेतलेस. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवलास. आणि मला म्हणालास, "चल, चहा पाजतो." गेनू, त्या चहाचा मला अजून राग आहे. तू भांडला असतास तर मीही भांडलो असतो आणि आपण बरोबरीत आलो असतो.

मला तुझा हेवा वाटतो. शाळेत वाटायचा, आज वाटतो, आणि हे लिहून तो जाईल असं काही नाही. खरं सांगायचं तर मला विलायतेची एवढी ओढ नव्हती. नानांनी एकदा तरी तुझ्याआधी माझं विचारावं, एवढंच हवं होतं.

कापलेल्या दोन्ही पट्ट्या माझ्या पाकिटात होत्या. का जपल्या, मला माहीत नाही. त्या साहेबांना पाठवल्यात, सगळं लिहून. ते पत्र आज सकाळीच भोरला पेटीत टाकून आलो. ते पडल्यावरच हे लिहायला बसलो. मुद्दाम. नाहीतर तू साहेबांकडे गेला असतास, "जाऊ द्या, चूक झाली" म्हणाला असतास, आणि वर मोठाही झाला असतास. तेवढं तुला मिळू द्यायचं नाही.

आता दोन्ही प्रोग्रॅम एकाच दुपारी चालव, गर्दीत, शंभर शंभरदा. तुझाच पुढे येईल. तुझा प्रोग्रॅम वाचला तेव्हाच मला ते दिसलं होतं. निकाल मला कळवू नकोस, नानांना कळव. चिमाजीचा बैल त्यांनी घेतला नाही, पण माझं त्यांना अजून सांगायचं आहे. हे पत्र संपलं की गोठ्यात जातो आणि सांगतो.

चकल्यांचा डबा बुधवारी घेऊन येतो. मोठा तुझा.

सकाळी पळालेला,
कुंडलिक