रंग सांगणारा

एर्मेलिंदाताई,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो. तुझ्या नव्या घराच्या कौलांवर बसवायचा लोखंडी क्रूस तीन मेच्या, क्रूसाच्या सणाला येणार नाही. 'पॉलिश चाललंय' ही फोनवरची थाप होती. क्रूस झाला होता, टोकावरचा कोंबडा तेवढा राहिला होता.

बाबांना आता काहीच दिसत नाही, हेही त्यांनी तुला कळू दिलेलं नाही. भट्टीतल्या पोलादाचा रंग मी सांगायचो आणि घाव ते घालायचे. "रंग बघ रे नाबोर, पोरी नको बघूस!" म्हणायचे. त्या दिवशी पोरगी नव्हती, ओआहाका शहराला निघालेला ट्रक होता. मागे माणूस बसेल एवढी जागा दिसत होती. वळलो तोवर भट्टीतून जळत्या पोलादाच्या पांढऱ्या ठिणग्या उडत होत्या. तरी मी "काढा" म्हणालो. पहिल्याच घावाला कोंबडा फुटला.

"रंग कोणता होता?"

"नारिंगी."

बाबांनी तुकडे बोटांनी चाचपले. जळलेलं पोलाद साखरेसारखं रवाळ फुटतं, हे त्यांनीच मला शिकवलंय.

"मग माझ्याच हाताचा अंदाज गेला असेल," म्हणाले आणि हातोडा भिंतीला टांगला.

मी अजून इथेच आहे, ताई. रोज सकाळी भट्टी पेटवतो. ते शेजारी बसतात, पण रंग विचारत नाहीत.

तुझा,
नाबोर