साहेबांना साफ सांगायचं

७ मार्च १९५५, दरेकसा
आजपासून नवा केवलराम. गोंदियाच्या मुख्य गोदामातले मुन्शी दुधरामजी चैत्रात रिटायर होताहेत. ती जागा माझी. चार वर्षं या जंगलात तेंदूपत्त्याचं गोदाम सांभाळलं. आता गोंदियालगतच्या मुर्रीच्या घरून पायी ड्यूटीला जाईन. बायकोचं, प्रेमिलाचं कार्ड आलंय: "आवंदा साहेबाले साफ सांगा. पोरगी फोटो पाहून बाबा म्हणते अन् तुमाले पाहून लपते." मॅनेजर भैयाजी साहेब २६ तारखेला तपासणीला येणार. एकोणीस दिवस. माझ्यासारख्याला भरपूर.

९ मार्च
करारी कसं व्हावं यावरचं पुस्तक नागपूरहून व्ही.पी.ने आलं. धडा पहिला: बोलताना समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधोमध पाहावं. चौकीदार झामसिंगवर प्रॅक्टिस केली. कपाळाला काही लागलंय का, असं विचारून त्याने गमछ्याने पुसलं. परिणाम होतो आहे.

१२ मार्च
धडा दुसरा: दिवसातून एकदा तरी 'नाही' म्हणावं. संध्याकाळपर्यंत कुणी काही मागायलाच आलं नाही. इथे येतं कोण? शेवटी झामसिंग भाजलेली मोहफुलं देऊ लागला, त्यालाच नाही म्हणालो. तो परत घेऊन गेला. नंतर त्याच्या झोपडीवरून सहज दोन फेऱ्या मारल्या. त्याने बोलावलं नाही.

१५ मार्च
पलीकडच्या गोदामाचा मुन्शी खुशाल आला. नोकरी जेमतेम दोन वर्षांची, आणि त्यालाही गोंदियाचीच जागा हवी! अक्षर वाईट म्हणून अर्ज मी लिहून द्यावा, म्हणाला. नाही म्हणायची उत्तम संधी होती. पण बिचारा उन्हातून आठ मैल चालत आलेला. शिवाय माझ्याकडे बसून चहा घेणारा या महिन्यातला पहिलाच माणूस. लिहून दिला. काय फक्कड उतरला! 'मी मेहेरबानी मागत नाही, जागा मागतो आहे.' ही आपली रंगीत तालीम. अर्जाने काय होतं? साहेब माणूस पाहतात. खुशाल संध्याकाळच्या गाडीपर्यंत गप्पा मारत होता. फार बरं वाटलं.

१६ मार्च
स्वतःचा अर्ज लिहायला बसलो. चांगली वाक्यं सगळी खुशालकडे गेलेली. तीच लिहिली तर मी त्याची नक्कल केली असं वाटेल. ठरलं, तोंडीच बोलायचं.

२५ मार्च
भाषण पाठ. खोलीत, गोदामात, रुळाच्या कडेला म्हणून झालं. प्रेमिलाला कार्ड टाकलं: आलोच समज.

२६ मार्च
साहेब आले. गोदाम पाहिलं. मग खिशातून खुशालचा अर्ज काढून मलाच वाचून दाखवला. असा ठाम माणूस आपल्या कंपनीत आहे हे माहीतच नव्हतं, म्हणाले. सीनियर म्हणून माझं मत विचारलं. अर्ज फर्स्टक्लास आहे, म्हणालो. खोटं कसं बोलणार? स्टेशनवर गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून साहेब थांबले.
"केवलराम, तुमाले काही बोलाचं आहे का?"
मी त्यांच्या भुवयांच्या मधोमध पाहिलं.
"नाही जी. सगळं ठीक आहे."
भाषण साडेतीन मिनिटांचं. गाडी थांबते दोन मिनिटं. माणसाने करावं तरी काय?

३ एप्रिल
जागा खुशालला मिळाली. तो आभार मानायला आला. गोंदियात राहायची सोय नाही, म्हणाला. मुर्रीच्या आमच्या घरी ओसरीलगतची खोली रिकामी आहे, आई आहेच घरात. देऊन टाकली. झटपट निर्णय घ्यावा, धडा सहावा.

२ मे
पत्त्याचा हंगाम सुरू. महिनाभर सुट्टी नाही. प्रेमिलाचं कार्ड आलं. माझ्या 'आलोच समज'वर तिने एक शब्दही लिहिलेला नाही. लिहिलंय, "खुशालभाऊ रोज सहा वाजता घरी येतात. सायकलची घंटी आयकली का आपली वच्छला रस्त्यापर्यंत पळते." तीनदा वाचलं. फार एकटं वाटलं. झामसिंगला विचारलं, चार वर्षांची पोरगी केवढी असते. त्याने मांडीपाशी हात धरला. आमची त्याहून उंच असेल, म्हणालो. त्याने हात थोडा वर केला आणि मी सांगेन म्हणून तसाच धरून ठेवला. नक्की केवढी, ते मलाच ठाऊक नाही.