उतारावरचा ओंडका

औरंगाबाद, ५ फेब्रुवारी २००३

ती. आजीस, मुक्ताचा सा. न. वि. वि.

तुझ्याकडे टीव्ही नाही, म्हणून कळवते. शनिवारी अवकाशातून परत येणारं यान आकाशातच जळालं. सोळा दिवस वर राहून सात जण घरी निघाले होते. उतरायला पाव तास उरला होता, आजी.

विमानविद्येच्या परीक्षेचा अर्ज उशाखाली तसाच आहे. तो आता भरणार नाही. माळवदावर तुझ्याशेजारी झोपून वर जायची स्वप्नं पाहिली, तेवढी पुरेत. आई-बाबा ऊसतोडीला गेलेत, तू एकटी. महिनाअखेर सामान घेऊन येते. डी. एड. करीन, तुझ्याजवळ राहीन.

तुझी,
मुक्ता

वाडी, ता. आष्टी, १२ फेब्रुवारी

चि. मुक्तीस, आजीचे अ. आ.

पत्र पोचलं. बंकट पोस्टमन वाचून दावू का म्हनला. त्याला सांगितलं, मी चौथी शिकलेय, तू म्होरलं दार बघ.

समदं गाव सहकारी कारखान्यावर गेलंय. मागं म्हातारी अन् कुत्री. बोलाया शेळी हाय, ती बी पाला दिला तरच बघती. तू आलीस तर बरं वाटंल, खोटं कावून बोलू? पन माजं नाव पुढं करून येऊ नको. तू भ्यालीस म्हनून येतीस.

तुजा आजा कसा गेला, ते तुला कुनी नीट सांगितलं न्हाई. हंगाम संपवून आमी घरला येत हुतो. घाटाच्या उताराला गाडीमागं ओंडका बांधत्यात, गाडी बैलांवर येऊ नये म्हनून. खाली गावचं देऊळ दिसलं अन् ह्यांनी ओंडका सोडला. मी म्हनलं, उतार अजून हाय. ते म्हनले, “आता काय, घर आलं.”

मी मागनं चालत हुते, म्हनून आज लिहितेय.

दुसऱ्या साली तुजा बाप त्याच घाटानं गाडी घेऊन उतरला. ओंडका मी माज्या हातानं बांधला.

तवा अर्ज भर. त्या वरच्या गाडीला उतरताना मागं काय बांधायचं, ते कुनाला तरी शिकावंच लागंल. तुज्या बापाची समजूत मी काढते.

परतलेल्याच्या पायावर पानी घालून भाकरतुकडा ओवाळायची आपली रीत. टँकर आठ दिसांनी येतो. तरी तुज्यासाठी एक तांब्या झाकून ठेवलाय, शेळीला बी देत न्हाई. दर टँकरला त्यातलं पानी बदलते. तू घाई करू नको.

लोभ हाय, लिहून काय वाढत न्हाई.

आजी सुंदरबाई