काचेच्या कपाटातला लॅपटॉप

तंता, सोमवार सकाळ

थोर, गुणवान, दूरदृष्टीचे बाशमोहंदिस वहीद यांस,

सलाम आणि दुवा. अल्लाच्या कृपेनं तुम्ही सगळे खुशाल असाल. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमच्या सौ. सामियाचं ब्लड प्रेशर ठिकाणावर आहे का? मुलांना माझे आशीर्वाद सांगा, शेजाऱ्यांना सलाम सांगा, आणि तुमच्या गॅलरीतून जो समुद्र चार बोटं दिसतो त्यालाही सांगा.

इथवर रीत झाली. आता 'तुम्ही' बंद. तू माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, तुझ्या लग्नात तुझ्या टायची गाठ मी बांधली, आणि आज मला तुझा जेवढा राग आलाय तेवढा 'तुम्ही'त मावत नाही. (आणि तुला बाशमोहंदिस, म्हणजे मुख्य इंजिनिअर, म्हणतं कोण? तू पाण्याचे पंप दुरुस्त करतोस. पण आपल्या देशात हातात पाना धरला की माणूस इंजिनिअर होतो, त्याला मी काय करू?) हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण मी आवाज चढवला की तुझ्या अलेक्झांड्रियातली रेंज नेमकी तेव्हाच जाते. पत्राला रेंज लागत नाही. बस आणि वाच.

तीन महिन्यांपूर्वीचा तो दिवस आठव. छत्तीस वर्षं भूगोल शिकवून मी निवृत्त झालो होतो आणि घरात बसून भिंतीला नाईलचा उगम समजावून सांगत होतो. मग कळलं की दोह्याला एक शिकवणीची संस्था आहे, तिथं आपल्याकडची जी कुटुंबं नोकरीला गेलीत त्यांच्या मुलांना आपलाच अभ्यासक्रम घरबसल्या शिकवायला मास्तर हवेत. त्यासाठी मला लॅपटॉप हवा होता. रोजच्या वापराचा. 'रोजच्या' ह्या शब्दाखाली मी तीन रेघा मारल्यात, बघ. मी आगगाडीनं तुझ्याकडे आलो, तू मला दुकानात नेलंस, दुकानदारानं दोन समोर ठेवले. एक स्वस्तातला, काळ्या प्लास्टिकचा, दाबला की कुरकुरणारा. मी त्याच्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, हा बस झाला, मला काय त्यावर विमान उडवायचंय? तर तू त्या दुकानदाराकडे बघून असा हसलास, जसं काही मी सोनाराच्या दुकानात जाऊन पितळ मागितलं. मग दुसरा पुढे आला. धातूचा, चंदेरी, वहीएवढा पातळ. "हात तर लावून बघा, उस्ताद," दुकानदार म्हणाला. हात लावला आणि तिथंच फसलो. गार होता रे! ऑगस्टात! आणि वर तुझं कीर्तन: "भाऊजी, महागाचं घेणारा एकदा रडतो, स्वस्ताचं घेणारा रोज रडतो. तो काळा एका वेळी दोन कामं दिली की गुदमरेल. व्हिडिओ चालू असताना नकाशा उघडलात की संपलं." मी मोठा शहाणा, ऐकलं. घेतला महागाचा. निवृत्तीच्या पैशातला चांगला लचका तोडून घेतला.

तुझं चुकलं कुठं ते सांगतो. तुला लॅपटॉप कळतात, तुझी सख्खी बहीण कळत नाही.

घरी आलो. एनायातनं खोका उघडला. मग ओढणीच्या टोकानं त्याच्यावरची नसलेली धूळ पुसली आणि म्हणाली, "अगंबाई, काय देखणा आहे! आणि हा तुम्ही वापरणार? ह्या हातांनी?" (माझे हात ताअमियाच्या वड्यांच्या तेलाचे होते हे कबूल. पण हात धुता येतात, वहीद! मनुष्यजातीला हे ठाऊक आहे!) मी साबण शोधायला गेलो, परत येईतो लॅपटॉप नीशमध्ये, काचेच्या कपाटात होता.

आमच्या हॉलमधलं ते काचेचं कपाट तू ओळखतोस, तुम्ही भावंडांनीच लग्नात दिलंत. त्यात सोनेरी काठाचे बारा कप आहेत, चोवीस ताटल्या आहेत, एक सुपाचं भांडं आहे ज्यात सूप नावाचा पदार्थ कधी पडला नाही. चौतीस वर्षांत ते कपाट पाहुण्यासाठी एकदाच उघडलं, आमच्या लेकीला, रिहामला मागणी घालायला तिच्या सासरची माणसं आली तेव्हा. तेव्हासुद्धा ते कप टेबलावर नुसते मांडले होते. सरबत दुसऱ्या ग्लासातून दिलं. मी तर चौतीस वर्षं चहा पितोय तो चीज भरून विकत मिळतं, ते संपल्यावर उरलेल्या ग्लासातून, ज्याच्यावर अजून अर्धी गाय छापलेली आहे. तर त्या सुपाच्या भांड्याशेजारी, खाली विणलेला रुमाल घालून, माझा लॅपटॉप बसला. वरचा पारदर्शक कागद तसाच. कुलूप लागलं, किल्ली बटव्यात गेली, बटवा तिच्या कमरेला. तळमजल्यापासून पाचव्यापर्यंतच्या बायका येऊन काचेतून बघून गेल्या. एकीनं तर 'माशाल्ला' म्हणून दृष्ट लागू नये म्हणून निळा मणी आणून दिला, तो त्याच्या कोपऱ्याला लटकतोय. दर शुक्रवारी पुसला जातो. चालू एकदाही झालेला नाही.

मी ओरडलो. ओरडणारच की! तर महिनाभरानं तिला भिशी लागली, ती उठली, तंत्याच्या बाजारात गेली आणि पिशवीतून काढून माझ्यापुढे काय ठेवावं? तोच काळा! दुकानात मी बोट ठेवलेला तोच, कुरकुरणारा! "घ्या. हा तुमच्या रोजच्या वापराला," म्हणाली. म्हणजे आता ह्या घरात दोन लॅपटॉप आहेत. स्वस्तातला वापरायला आणि महागातला असायला. हाच घ्यायचा होता तर मी अलेक्झांड्रियाला कशाला आलो होतो, तुझं तोंड बघायला?

आणि सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू? तुझं खरं होतं. तो काळा जागा व्हायला एवढा वेळ घेतो की मी तेवढ्यात फुलची, म्हणजे शिजवलेल्या वालाची, अख्खी वाटी पावाला लावून संपवतो. त्याचा पंखा सुरू झाला की एनायात आतून ओरडते, "गिरणी बंद करा!" त्याच्या कॅमेऱ्यात मी हिरवा दिसतो. गेल्या रविवारी दोह्याच्या संस्थेतल्या फातिनबाईंनी माझा नमुना तास घेतला. अर्धा तास शिकवायचं, त्यांनी बघायचं, आवडलं तर नोकरी. बाईंनी आधी विचारलं, उस्ताद, तब्येत बरी आहे ना, काविळीतून उठलात का? मी म्हटलं, मी ठणठणीत आहे, आणि सुरुवात केली. "मुलांनो, नाईल नदी..." एवढं म्हणून नकाशा उघडला आणि काळा गुदमरला. अगदी तुझ्या भाकितासारखा गुदमरला. माझं तोंड 'नाईल'वर उघडलेलं, तसाच मी तिकडे सात मिनिटं आ वासून लटकत होतो आणि इकडे जीव तोडून डेल्ट्यापर्यंत पोचलो होतो. एक माणूस ऐकत नव्हतं! बाई भल्या. म्हणाल्या, गुरुवारी पाच वाजता शेवटची संधी देते, त्यानंतर दुसरे मास्तर बघते.

तू हसशील. पण वहीद, छत्तीस वर्षं मी वर्गात शिरलो की साठ पोरं उभी राहायची. आता मी खोलीत शिरलो की एनायात म्हणते, पाय उचला, पुसतेय. मला ही नोकरी पैशासाठी नकोय. मला कुणीतरी विचारायला हवंय, "उस्ताद, ते परत सांगता का?" बस, एवढंच.

मी तिच्यापुढे हात जोडले. गुरुवारपुरता दे म्हटलं, अर्धा तास. तर म्हणते, "त्या बाईला तुमचं डोकं बघायचंय की लॅपटॉप?" मी आवाज चढवला, तिनं चढवला नाही. म्हणाली, "ह्या घरात चांगली वस्तू एकदाच येते. मोडली की परत येत नाही. मी बघितलंय." मी आणखी जोरात ओरडलो. मग वरच्या मजल्यावरच्या फिक्रीला चहाला बोलावलं, म्हटलं पाहुणा आला की कपाट उघडेल. तिनं त्यालाही गाईच्या ग्लासातच चहा दिला. जिना वापरतो तो पाहुणा नव्हे, म्हणाली, पाहुणा म्हणजे जो सांगून येतो, सूट घालून येतो आणि मोकळ्या हातानं येत नाही.

आता हात दुखला. राग तसाच आहे. देव तुला माझ्यासारखी सहनशक्ती देवो, कारण तुझ्याही घरात असलंच काचेचं कपाट आहे.

तुझा, तुझ्यामुळे हिरवा झालेला,
भाऊजी लुत्फी

ता. क. पत्राचं खरं कारण हे. तू गुरुवारी साडेचारला ये. आधी फोन करून बहिणीला कळव. सूट घाल, टाय बांध (गाठ मी घालीन), एक किलो बसबूसा (तो रव्याचा, पाकातला) आण आणि हॉलमध्ये ताठ बस. चहा विचारला की सरळ म्हण, मला तो नवा लॅपटॉप बघायचाय. तिनं कुलूप काढलं की तू उठून बाथरूमला जा आणि पाऊण तास बाहेर येऊ नकोस, तेवढ्यात मी त्यावर माझा तास उरकतो. गुडघ्याचं निमित्त सांग. तू घोळ घातलास, तूच निस्तर.

आणखी ता. क. (मंगळवार) येऊ नकोस. मी नुसतं म्हटलं, गुरुवारी वहीद पाहुणा म्हणून येतोय, तर तुझी बहीण पोट धरून हसली. "वहीद? पाहुणा? त्याला मी कडेवर घेऊन फिरवलाय. आला तर कांदे चिरायला बसवीन!" ह्या घरात तुझी किंमत काय आहे ती ह्यावरून समज. पत्र टाकायलाही गेलो नाही, पाकीट त्या काळ्याखाली टेकू म्हणून दिलंय, तो टेबलावर डुगडुगतो.

शेवटचं ता. क. (गुरुवार, दिवेलागणीला) पाकीट परत फोडलंय, म्हणून चिकटपट्टी दिसेल. आज चार वाजता मी त्या काळ्यापुढे बसून 'बिस्मिल्ला' म्हणत होतो. एनायात आली. ईदचा झगा अंगावर. म्हणाली, "सूट घाला आणि बाहेर जा." मला वाटलं, संपलं, चौतीस वर्षांनी बाईनं घराबाहेर काढलं! दारातून वर म्हणते, "आणि मोकळ्या हातानं येऊ नका." तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. तीन जिने उतरलो, अर्धा किलो बसबूसा घेतला, तीन जिने चढलो आणि स्वतःच्या घराची बेल वाजवली. "कोण?" मी म्हटलं, मी. "मी कोण?" म्हटलं, उस्ताद लुत्फी, भूगोल! दार उघडलं. "या, या! बसा ना. किती दिवसांनी आलात!" वहीद, त्या घरात मला 'बसा' आजवर कुणी म्हटलं नव्हतं. हॉलमध्ये लॅपटॉप टेबलावर मांडलेला होता, कागद काढलेला, सकाळपासून चार्जिंग केलेला. तिला चार्जिंग कुणी शिकवलं, देव जाणे. विचारलं तर म्हणाली, पाहुण्यांनी चौकशा करू नयेत.

नाईल उगमापासून समुद्रापर्यंत न अडकता वाहिली. फातिनबाई अर्धा तास म्हणाल्या होत्या, पन्नास मिनिटं बसल्या, आणि डेल्ट्यापाशी मला थांबवून म्हणाल्या, "उस्ताद, ते परत सांगता का?" मी परत सांगितलं. रविवारपासून आठवड्याला चार तास. (म्हणजे आठवड्यातून चार वेळा बेल वाजवायची, चार वेळा बसबूसा. मला मधुमेह आहे. तेव्हा तुझ्या लग्नातला तो टाय आणि बिनसाखरेची बिस्किटं लगेच पाठव, हा दंड समज.)

माझा राग निवलाय असं समजू नकोस. तास संपल्यावर तिनं कपाटातून दोन कप काढले, सोनेरी काठाचे, आणि त्यांत चहा ओतला. मला एक, तिला एक. पाहुणा म्हणून मी आग्रह केला की कप मीच विसळीन, आणि नळाखाली माझ्या ह्या तेलकट हातांतून एक सटकला. फुटला. मी डोळे मिटून उभा राहिलो, म्हटलं आता छप्पर उडणार. तिनं तुकडे गोळा केले, कचऱ्यात टाकले आणि हात पुसत म्हणाली, "असू दे. अजून अकरा आहेत."

चौतीस वर्षं, वहीद! चौतीस वर्षं मी त्या गाईच्या ग्लासातून चहा पितोय रे!