चार बांगड्यांचा फणस

पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. मी, वडक्केतिल इट्टी कुरुविळा, वय वर्षे एक्याऐंशी, निवृत्त शिक्षक, राहणार करिंबनाड, पंपा नदीचा उत्तर काठ, स्वहस्ते लिहितो की माझी बुद्धी जागेवर आहे. डावा कान व दोन्ही गुडघे जागेवर नाहीत. परंतु मृत्युपत्रास त्यांची आवश्यकता नसते, असे माझे वकील व एके काळचे विद्यार्थी चाक्को यांनी सांगितले आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी शोशाम्मा. ती सहा वर्षांपूर्वी प्रभूकडे गेली.

कलम १. मी राहतो ते जुने कौलारू घर माझा मुलगा ओम्मन यास द्यावे. पुढचे नऊ खोल्यांचे घर त्याचेच आहे, ते माझ्या मालमत्तेत धरू नये. तो कुवेतला असतो. खोल्यांना कुलपे आहेत, किल्ल्यांना चिठ्ठ्या आहेत आणि सर्व खोल्यांत मिळून एक पाल राहते. कोठारे पाडून मोठी कोठारे बांधणाऱ्या धनवानाचा दाखला मीच त्याला रविवारच्या शाळेत शिकवला होता. परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुण होते.

कलम २. सुरियानी या आमच्या जुन्या प्रार्थनाभाषेची माझी व्याकरणे व प्रार्थनापुस्तके चर्चच्या कपाटास द्यावीत. ज्यांचे वाचन वाळवीने आधीच सुरू केले आहे, ती तिच्याकडेच राहू द्यावीत.

कलम ३. मला साध्या आंजिलीच्या लाकडाच्या पेटीत पुरावे. ओम्मनने परदेशी पेटीचे चित्र पाठवले आहे. तिच्यात गादी आहे. त्या वेळी मला पाठदुखी नसेल.

कलम ४. फणस.

आमच्या वडिलांनी माझी व धाकटा भाऊ पुन्नूस याची वाटणी केली, तेव्हा दस्तात नारळ मोजले, विहीर लिहिली, गोठ्याच्या तुळयासुद्धा लिहिल्या. बांधावरचे फणसाचे रोप लिहिले नाही. ते गुडघ्याएवढे होते आणि गायीने त्याचा शेंडा खाल्ला होता. पुढे ते वाढले. गुरू म्हणून माझे मत असे की ते माझे होते. पुन्नूस चौथीपर्यंतच शिकला, तरी त्याचेही मत होते. खटला अकरा वर्षे चालला. न्यायालयाच्या मनाईमुळे त्या काळात फणसाला आम्हा कोणालाच हात लावता येत नव्हता. खारींना समन्स पोचले नसावे.

एका वर्षी पहिल्या फळांच्या सणाला पुन्नूसने त्या झाडाचा फणस तोडून चर्चमध्ये आणला. आमच्याकडे आणलेल्या फळांचा प्रार्थनेनंतर लिलाव होतो. देवाला वाहिलेल्यावर मनाई चालत नाही, एवढे कायद्याचे ज्ञान त्याला कोठून आले कोण जाणे. मी बोली लावली. त्यानेही लावली. कोंबड्या, केळीचे घड, अंडी, सर्व बाजूला राहिले. आकडा येथे लिहीत नाही. गावाला तो पाठ आहे. मी जिंकलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पैसे नव्हते.

घरी आल्यावर शोशाम्माने हाताला खोबरेल लावून माहेरच्या चार बांगड्या उतरवल्या व माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाली, "इच्चाया, हे देवाला दिलं की पुन्नूसला हरवलं, तेवढं नक्की सांगा. रात्रीच्या प्रार्थनेत काय म्हणायचं ते मला ठरवायचंय."

मी बांगड्या विकून चर्चचे पैसे भरले. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, ही प्रभूची आज्ञा मी तीस वर्षे शिकवली. मी भावाला तेथे ठेवले आणि अर्पण घरी आणले.

खटला अखेर मीच जिंकलो. नंतर मी तिला नव्या बांगड्या घेऊ म्हटले. "नको. हात हलके झालेत," ती म्हणाली, "नारळ खवताना बरं वाटतं." अन्नवस्त्र असले की पुरे मानावे, हे संत पौलाचे म्हणणे मी सुरियानीत समजावून सांगू शकत असे. ती ते नारळ खवताना जगत असे.

त्या फणसाचे निम्मे गरे तिने पितळी भांड्यातून पुन्नूसच्या घरी पाठवले होते. भांडे रिकामे परत करू नये म्हणून त्याच्या बायकोने आठळ्यांची भाजी भरून धाडली. मग हिने काही, मग तिने काही. आम्ही भाऊ न्यायालयात असताना दोन्ही घरांत एकच भाजी शिजत होती, हे मला शोशाम्माच्या दफनाच्या दिवशी कळले. भांडे त्या वेळी पुन्नूसकडे होते. ते त्याचेच समजावे.

ओम्मन दूरध्वनीवर म्हणाला, "अप्पच्चा, त्या झाडाचं काय घेऊन बसलात? पाडू, तिथं गाडी लावता येईल." म्हणून लिहितो: झाड व त्याखालची जागा पुन्नूस यास द्यावी.

कलम ५. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी रिकामी ठेवली आहे. ती सही पुन्नूसने करावी, असा निरोप पाठवला आहे. एकतीस वर्षांत तो माझा उंबरा चढलेला नाही. चाक्को म्हणाले, "सर, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. त्यांनी सही केली की झाड गेलं." मला ठाऊक आहे. त्याला झाड हवे असेल तर त्याने घरीच राहावे. मग चर्चचा सेवक सही करील. पुन्नूस आला व त्याने सही केली, तर झाड व जागा चर्चकडे जावी. झाड पाडू नये. फळ लिलावात घालू नये, वाटून खावे.

इतर सर्व ओम्मनला.

सही करण्यापूर्वी जोडलेला मजकूर: पुन्नूस सायंकाळच्या प्रार्थनेआधी आला. चाक्कोंनी त्याला कायदा दोनदा वाचून दाखवला. तो म्हणाला, "एकतीस वर्षांनी झाड दिलंस, तेही असं की हात लावला की जातं! मास्तर तो मास्तरच." मी म्हटले, "मग घरी जा, झाड घे." तो म्हणाला, "भूक लागलीय. पेन दे." त्याने येताना भांडे आणले होते. ते रिकामे नव्हते.

स्थळ: करिंबनाड. दिनांक: १४ मे २०११.

मृत्युपत्रकर्ता: व. इ. कुरुविळा

साक्षीदार १: के. चाक्को, वकील

साक्षीदार २: व. इ. पुन्नूस. कायदा समजला, तरी सही केली. झाड माझेच होते.